हळदीपुढे बुरशीची हार

सरांचा शोधनिबंध मी न वाचताच गाजवला.

गाजवला म्हणजे असा, की नांदेडपासून लातूरपर्यंत ज्याच्या हातात मोबाइल होता त्याच्याकडे तो पोचला. बिलोलीला माझ्या आत्याकडे पोचला. आत्यानं तो मलाच परत पाठवला आणि वर लिहिलं, "बघ, माणसं काय काय करून राहिलीत. तू काय करतोस?" निबंधात जे सिद्ध झालं होतं त्याच्या बरोबर उलटं मी जगाला सांगितलं होतं. एवढी किरकोळ बाब सोडली तर काम चोख झालं होतं.

सर नांदेडला आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखालचा सहायक प्राध्यापक. त्यांचं गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. राग आला की आधी "यप्पा" म्हणायचे आणि मग राग गिळायचे. बेताची उंची, शर्टाचं गळ्याजवळचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं, आणि खिशात पेन असायच्या जागी भिंग. नाव मी देत नाही, कारण ती त्यांचीच अट आहे. म्हणाले होते, "लिहायचं असंल तर लिहा, पण नाव टाकू नका. लोकं नाव वाचतात अन् बाकीचं निस्तं बघतात."

वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं, हा सरांचा सगळा संसार होता. कुणी काहीही सांगत आलं, नवा शासन निर्णय आला, कुणाचा निबंध छापून आला, की सर मान वर न करता विचारायचे, "वाचलं का बघितलं?" शंभरातले नव्याण्णव लोक इथंच गळायचे. उरलेला एक खोटं बोलायचा. त्याला सर विचारायचे, "मग तिसऱ्या तक्त्याबद्दल काय वाटलं?"

कॉलेजसमोरच्या गाड्यावर भजी घेतली की आधी कागद वाचायचे, भजी नंतर खायचे. बातमी मधेच फाटलेली असली तर गाडेवाल्याला म्हणायचे, "याचा खालचा तुकडा कुणाला दिलात हो?" एकदा तो तुकडा पलीकडच्या बाकावरच्या हवालदाराच्या हातात निघाला. सर उठून त्याच्यापुढं उभे राहिले. "जरा भजी उचलता का तुमची?" हवालदारानं उचलली. सरांनी बातमी पुरी केली आणि हवालदाराला म्हणाले, "चोर सापडला न्हाई तुमचा अजून." त्यानंतर तो हवालदार आम्हाला बघितलं की भजी घेऊन गाड्याच्या मागं जायचा.

लग्नपत्रिका तर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. तिथं खाली बारक्या अक्षरात लेकरांची नावं असतात, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' वगैरे. सर मांडवात शिरले की नवऱ्याच्या बापाला सोडून त्या लेकराचा शोध घ्यायचे. "चिमुकली परी कोणती? तिनं अगत्यानं बोलावलं म्हणून आलो." परी बहुतेक झोपलेली असायची. मग सर तिच्या उशाशी आहेर ठेवायचे आणि जेवायला बसायचे.

विभागप्रमुखांनी कॉलेजच्या ग्रुपवर असलंच पाहिजे असं फर्मान निघालं तेव्हा बटणांचा फोन सोडून सरांनी मोठा फोन घेतला आणि सगळ्यांची झोप उडवली. कुणी सकाळी गुलाबाचं चित्र टाकलं की सर विचारायचे, "वाण कोणतं?" प्राचार्यांच्या सूचनेवर सगळ्यांनी अंगठे दाखवले तेव्हा सरांनी लिहिलं, "आमच्या आज्याला अंगठा उठवायची लाज वाटायची म्हणून ते म्हातारपणी सही शिकले. आपण सगळे पीएच.डी. आहोत." या मजकुरालाही खाली पाच-सहा अंगठे आले. पहिला माझा होता.

तर संशोधनाकडं येतो. सरांच्या आईची एक पद्धत होती. बियाण्यासाठी ठेवलेल्या तुरीला ती हळद चोळायची. म्हणायची, हळद लागलेल्याला काही शिवत न्हाई. आई गेल्यावर सरांनी तेच प्रयोगशाळेत करून बघायला घेतलं. काचेच्या बशीत हळदीच्या अर्काचा थेंब ठेवला तर त्याच्या भोवतीनं बुरशी वाढेना. स्वच्छ गोल कडं पडायचं. सर हरखून गेले. पण मग त्यांनी तोच अर्क खऱ्या तुरीला लावला आणि ती तूर पोत्यात, पत्र्याच्या कोठीत, भर पावसाळ्याच्या दमट हवेत ठेवली. एक पावसाळा झाला, दुसरा झाला. बुरशी आनंदात वाढली. बशीत जे घडतं ते पोत्यात घडत नव्हतं.

"मला हळद जिंकावी असंच वाटत होतं," सर म्हणाले होते. "हरली. मग हरली म्हणून लिहिलं."

हरल्याचं कोण छापतो? नियतकालिकांकडून निबंध परत यायचा. यातून नवीन काय सापडलं, असं विचारलेलं असायचं. शेवटी एका लहानशा नियतकालिकानं तो छापला. मथळा अगदी सरांसारखा, गळ्याजवळचं बटण लावलेला : साठवणीतील तुरीवरील बुरशी आणि हळदीचा अर्क, एक अभ्यास. सरांनी विभागात प्रत्येकाला एकेक प्रत दिली, पण सही न करता. "सही केली की लोकं जपून ठेवतात, वाचत न्हाईत." मी सही नसतानाही जपून ठेवली.

त्याच सुमारास कॉलेजच्या समाजमाध्यमांचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "आता नुसतं छापून भागत न्हाई. किती लोकांपर्यंत पोचलं ते वर दाखवावं लागतंय. प्रभाव पाहिजे, प्रभाव! आपल्याकडं कुणाचं काही आहे का?" मी म्हटलं, सरांचं आहे. कपाटातून प्रत काढली. मथळा वाचला. दुसऱ्या पानावर फोटो होता : पिवळा थेंब, भोवती स्वच्छ कडं, कड्याबाहेर काळी बुरशी. तेवढं मला पुरलं. चहा थंड व्हायच्या आत मी लिहून मोकळा झालो :

"हळदीपुढे बुरशीची हार! आजीच्या बटव्यावर विज्ञानाची मोहोर! मराठवाड्याच्या मातीतलं अस्सल संशोधन. अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा."

शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होतो, म्हणून खाली माझं पूर्ण नावही टाकलं. सोबत सरांचा फोटो, एका हातात तुरीची वाटी, दुसऱ्या हातात हळकुंड. फोटो काढताना सरांनी विचारलं होतं, "हे कशाला?" मी म्हटलं, "रेकॉर्डला, सर." नेहमीसारखं ते फोनवरचं सगळं वाचत बसले असते तर बरं झालं असतं, पण पोस्ट टाकली तेव्हा सर परीक्षेच्या कामावर होते आणि त्यांचा फोन टेबलाच्या खणात बंद होता.

सर परत आले तोवर ते प्रसिद्ध झालेले होते. लातूरहून मेहुण्यांचे फोन, उदगीरहून काकूंच्या, म्हणजे सरांच्या मंडळींच्या माहेरचे फोन. प्रत्येकाला सर विचारत होते, वाचलं का बघितलं, आणि प्रत्येकजण हसून म्हणत होता, "सर, विनोद लई करता तुम्ही." धर्माबादच्या एका व्यापाऱ्यानं हळद-मिरचीवाल्यांच्या मेळाव्यात सत्कार ठेवला. माझी पोस्ट तोवर ग्रुपवर गुलाबांच्या चित्रांखाली गाडली गेली होती, त्यामुळं सरांना वाटलं, निबंध वाचून बोलावलंय. हळद हरल्याचा निबंध वाचून हळदीचे व्यापारी सत्कार करतात, याचं त्यांना कोण कौतुक वाटलं. रिक्षात मला म्हणाले, "मन मोठं लागतं हो याला."

शाल-श्रीफळ झालं. सूत्रसंचालकानं माझी पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली. सरांचा चेहरा मी बघत होतो. ते उठले, माइकपाशी गेले आणि म्हणाले, "मंडळी, माझ्या प्रयोगात हळद हरलेली आहे."

टाळ्या. कडकडून टाळ्या. सूत्रसंचालक माइक घेऊन म्हणाला, "बघा! एवढं करून वर किती हा विनय!"

सरांनी पुन्हा प्रयत्न केला. "न्हाई, विनय न्हाई. पोत्यातल्या तुरीवर हळदीचा काही उपयोग होत न्हाई." तोवर माइक बंद करून जेवणाची घोषणा झाली होती.

परतताना शाल मांडीवर घडी करून सर म्हणाले, "तुम्ही वाचलं का बघितलं?"

"बघितलं, सर."

"हाव. वाटलंच." मग म्हणाले, "ते काढून टाका."

मी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडं गेलो. ते खुर्चीतून उठलेच. "काढायचं? येडे झालात का? वरच्या अहवालात गेलंय ते! आपल्या कॉलेजचा एवढा एकच प्रभाव आहे." मग मी आपला मधला मार्ग काढला. मधले मार्ग काढण्यात माझा हातखंडा आहे. पोस्ट तशीच ठेवली आणि खाली प्रतिक्रियांच्या ढिगात लिहिलं, "दुरुस्ती : प्रत्यक्ष साठवणीत हळदीचा परिणाम आढळला नाही." त्याच्या खालीच कुणीतरी लिहिलं, "जबरदस्त सर! असेच संशोधन करत राहा!" दुरुस्तीला एकच अंगठा मिळाला. तो मीच दाखवला होता.

पावसाळ्यात उमरीकडच्या एका गावातून सरांना फोन आला. बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष बोलत होत्या. गटानं डाळ करायला तूर घेऊन ठेवली होती. पोस्ट बघून त्यांनी हळदीचं पाणी केलं आणि सगळ्या तुरीवर शिंपडलं. दमट हवेत वरून आणखी पाणी. पुढचं सांगायला वनस्पतिशास्त्र लागत नाही.

"सर, तुमच्या हळदीनं आमची तूर नवरी झाली अन् वरातीच्या आधीच नासली."

सर मला घेऊन गेले. समाजमंदिरात तूर पसरलेली होती, पिवळी आणि काळी. सर मांडी घालून बसले, मूठमूठ उचलून भिंगातून बघत राहिले. मग सांगितलं, "ही खाऊ नका. जनावरालाबी घालू नका. टाकून द्या."

एक म्हातारी म्हणाली, "अन् मग तुमच्या फोटूखाली तसं कसं काय लिहिलं होतं?"

सर माझ्याकडं वळून म्हणाले, "हे सांगतील."

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "त्याचं असं आहे मावशी, की प्रयोगशाळेतली परिस्थिती आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांत..." म्हातारीनं मधेच शेजारणीला विचारलं, "हे कोण म्हणायचे?" शेजारीण म्हणाली, "सरांचे डायवर असतील."

परतीच्या वाटेवर सर भिंग पुसत होते. 

आता सरांच्या बढतीबद्दल सांगायला पाहिजे. सर सहयोगी प्राध्यापक होते. निवृत्तीच्या आधी पूर्ण प्रोफेसर व्हायची ही शेवटची संधी होती. काकूंनी उदगीरला भावांना सांगून ठेवलं होतं, दारावरच्या पाटीची जागासुद्धा ठरवली होती. बाकी सगळं जमत होतं, अडत होतं एकाच ठिकाणी. सरांच्या कामाचा आधार दुसऱ्या कुठल्या संशोधकानं घेतला आहे का? त्या रकान्यात भोपळा होता. पोस्ट एवढी गाजली, पण शोधनिबंधात उल्लेख म्हणाल तर कुणाचाच नाही. हजारो लोकांनी अभिमान पुढे पाठवला होता. निबंध कुणी उघडलाच नव्हता.

आणि मुलाखतीच्या तोंडावर उल्लेख आला! सरांचं ऑनलाइन पान मीच बनवलं होतं, त्यावर मला दिसला. दूरच्या कुठल्यातरी विद्यापीठातल्या दोघांनी आपल्या निबंधात सरांचं नाव घेतलं होतं. मी पेढे घेऊन धावतच विभागात गेलो. सरांनी पेढा बाजूला ठेवला आणि तो निबंध मागितला. दुपारपर्यंत वाचत होते. मग भिंग टेबलावर ठेवून म्हणाले, "यप्पा."

त्या दोघांनी लिहिलं होतं, की हळदीचा अर्क साठवणीतल्या धान्यावर बुरशीला पराभूत करतो, आणि पुढं आधार म्हणून सरांचं नाव.

"हे वाक्य तुमचं आहे," सर म्हणाले.

"सर, ते तर इंग्रजीत आहे."

"इंग्रजीत असलं म्हणून काय झालं? चाल तुमची आहे. बुरशीला पराभूत कोण करतं शास्त्रात? ती काय निवडणुकीला उभी होती?"

त्यांनी तिथंच त्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहायला घेतलं : माझ्या निबंधाचा निष्कर्ष याच्या उलट आहे, तरी माझा उल्लेख काढावा. आयुष्यात आलेला एकुलता एक उल्लेख.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. काकूंना आधीच फितवलं होतं. काकूंनी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर शेव-कोथिंबीर. बशी सरांपुढं ठेवताना त्यांनी सुरुवात केली.

"अहो, मुलाखत होऊन जाऊ द्या, मग धाडा की काय धाडायचं ते."

"मुलाखतीत तो उल्लेख मोजतील ना?"

"मोजू द्या! तुम्ही थोडंच मागायला गेला होता? वाटेत कुणी चुकून नमस्कार केला तरी आपण घेतोच की."

 वाक्य सरांना आवडलेलं दिसलं. मग म्हणाले, "घेतो. पण तो मला दुसराच कुणी समजून उसने पैसे द्यायला लागला तर सांगतो, अहो, मी तो न्हाई."

"सर," मी म्हणालो, "सगळे असंच करतात. कुणी कुणाचं वाचतं का? नावं मोजतात."

"म्हणून तर," सर म्हणाले. "उमरीच्या त्या बायांनी तूर फेकून दिली. उद्या हे वाचून दुसरा कुणी अर्क बाटलीत भरून विकंल अन् खाली माझं नाव लिहील. माझ्या आईनं चुकून सांगितलं होतं, तिला माफ आहे, तिला वाचता येत न्हवतं."

काकू उठून आत गेल्या. भांडी जरा जोरात वाजली. पत्र त्याच आठवड्यात गेलं.

मुलाखतीला सर गळ्याचं बटण लावून गेले. समितीतल्या एकानं हसतमुखानं स्वागत केलं, "अरे, हळदीवाले सर! तुमची पोस्ट आमच्या घरी आली होती. आमची मंडळी अजून धान्याला हळद लावतात." सरांनी त्यांना थांबवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं : पोस्ट चुकीची आहे, एकमेव उल्लेख चुकीचा आहे, तो काढायला मीच लिहिलं आहे, तरी तो धरू नये. समितीनं तो धरला नाही. समितीनं सरांनाही धरलं नाही. निकालात 'अपात्र' असा एकच शब्द होता. सरांनी तो वाचायला मात्र फार वेळ घेतला.

माझं काय झालं विचाराल, तर माझं चांगलं झालं. त्या पोस्टच्या जोरावर माझी वरची श्रेणी निघाली. लातूरला 'संशोधनाचा सामाजिक प्रभाव' या विषयावर कार्यशाळा झाली, तिथं मला मार्गदर्शक म्हणून बोलावलं. मी पडद्यावर सरांचा वाटी-हळकुंडाचा फोटो दाखवला, मथळा कसा द्यावा ते शिकवलं आणि प्रमाणपत्र घेऊन आलो. बुरशी-तुरीचा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही काढला नाही. चहाच्या वेळी दोघातिघांनी माझ्याबरोबर फोटो काढले.

सर सहयोगी म्हणूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात प्राचार्यांनी त्यांचा 'हळदीचे संशोधक' म्हणून गौरव केला. सर उठले, सगळ्यांकडं बघितलं आणि खाली बसले. त्यांना ओळखणाऱ्या माणसाला एवढंच पुरेसं भयानक होतं.

मागच्या महिन्यात, सरांनी पत्र धाडलं होतं त्या नियतकालिकाची दुरुस्ती प्रसिद्ध झाली. मी ती छापून घेतली आणि गोडधोड घेऊन सरांच्या घरी गेलो. वाटलं, म्हाताऱ्याचं पत्र वाया गेलं नाही, तेवढंच समाधान. सर आता घरी दिवसभर वाचत असतात. त्यांनी कागद घेतला, भिंग काढलं. काकू मेथी निवडत बसल्या होत्या.

सरांनी शेवटपर्यंत वाचलं आणि कागद माझ्यापुढं धरला. "तुम्ही वाचलंत?"

मी बघितलं होतं. आता वाचलं. त्या दोघा संशोधकांनी सरांचं नाव काढलं होतं. वाक्य तसंच ठेवलं होतं, हळदीचा अर्क बुरशीला पराभूत करतो. फक्त आधार बदलला होता. सरांच्या निबंधाच्या जागी आता माझी पोस्ट होती, तारखेसकट, माझ्या पूर्ण नावासकट. मराठवाड्यातल्या एका शास्त्रज्ञाचा आधार म्हणून. माझ्या आयुष्यातला तो पहिला उल्लेख. पुढच्या श्रेणीसाठी धरतात.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"माझं नाव काढलं," सर म्हणाले. "यांचं लावलं."

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली, माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सरांना म्हणाल्या, "बरं झालं बाई. इतके दिवस लेकरू यांचं अन् बापाचं नाव तुमचं लागलं होतं."